शंभराच्या नोटेवर मथुराबाई

आर्णीत कोणालाही काहीही विचारावं, फक्त ‘देशाच्या नोटेवर कोणाचा चेहरा असावा?’ एवढं विचारू नये. माणूस आधी दोन मिनिटं देशाचा विचार करतो, मग एक मिनिट जिल्ह्याचा, आणि मग हळूच स्वतःच्या केसांवरून हात फिरवतो.

दीपमाला भगवानराव मुनेश्वर, इयत्ता नववी अ, हिनं हा प्रश्न विचारला. तोही एकदा नाही, सबंध आठवडा.

झालं असं की एका बँकेनं जिल्ह्यातल्या शाळांसाठी स्पर्धा काढली. शंभराची नवी नोट तयार करा. तीन फूट बाय दीड फूट फ्लेक्सवर छापा. एका शाळेतून एकच नोट. निवडलेल्या नोटा यवतमाळला आठ दिवस भिंतीवर लागणार. नियम अकरा होते. त्यातला चौथा असा, की पाठ्यपुस्तकात ज्यांचा फोटो आहे अशी व्यक्ती चालणार नाही, आपल्या परिसरातली प्रेरणादायी व्यक्ती निवडावी. म्हणजे एका वाक्यात देशातली सगळी थोर माणसं बाद झाली आणि मागे आर्णी उरली.

दीपमालाला आत्मविश्वास नुकताच आला होता. जूनमध्ये. तोवर ती वर्गात हजेरीसुद्धा दुसऱ्याच्या पाठीआडून द्यायची. मग एकदा परिपाठात तिनं सुविचार न अडखळता म्हटला, टाळ्या पडल्या, आणि झालं. नव्या आत्मविश्वासाचं नव्या कोंबड्यासारखं असतं, तो पहाट व्हायची वाट बघत नाही. स्पर्धेची सूचना मुख्याध्यापकांनी वाचून संपवायच्या आतच हिनं उभं राहून अख्ख्या शाळेसमोर जाहीर केलं, "सर, आपल्या शाळेची नोट माझी राहीन. आणि चेहरा मी स्वतः ठरवीन. कोणाचं आयकणार नाही."

अख्ख्या शाळेसमोर बोललेलं परत घेता येत नाही. निदान नववीत तरी नाही.

घरी सांगितलं, तर वडील आधी नियमांचा कागद मागून बसले. भगवानराव पंचायत समितीत लिपिक. त्यांच्या मते जगातली कोणतीही गोष्ट अर्जानं सुरू होते आणि फाईलला लागल्यावर संपते, मधलं सगळं फुकटचं. कागद दोनदा वाचून ते म्हणाले, "आमचे जुने गटविकास अधिकारी टाक. काय माणूस होता! एकदा माह्या टिप्पणीवर त्याइनं ‘ठीक’ असा शेरा मारला होता."

"बाबा, ‘ठीक’?"

"ते कोणालेच ‘ठीक’ म्हणत नव्हते वो."

शेजारच्या इंदुताई कुंपणावरूनच घरात आल्या. त्यांना स्पर्धा माहीत नव्हती, पण त्यांचं मत तयार होतं. "आमच्या ह्याइचा फोटू टाक. गेले तं गेले, पण नाक पाह्य. नोटीवर नाक महत्त्वाचं. बाकी कायले काय लागते?"

आई, म्हणजे प्रभावती, लसूण सोलत होती. ती म्हणाली, "नोटीवर चेहरा पाह्यजेच काहून? नोट भेटली का लोकं त्याच्यावर फोन नंबर लिहिते. त्यापेक्षा तूच आधी नंबर छापून टाक. बाबाचा टाक. नोट हरवली तं फोन तं येईन."

दीपमाला सगळ्यांवर नाराज होती, पण हे तिला पटलं. नोटेला क्रमांक लागतोच. तिनं तिथंच वहीत लिहून घेतलं: क्रमांक, बाबांचा मोबाईल. पुढं जे झालं त्याचं मूळ इथं आहे, आणि आई अजूनही ते कबूल करत नाही.

मग उकंडाभाऊ. उकंडाभाऊ म्हणजे भावी नगरसेवक. गेली नऊ वर्षं ते भावीच आहेत. गावात वाढदिवसाचा एकही फ्लेक्स असा लागत नाही ज्यावर खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, गॉगल लावून, फोन कानाला धरून उकंडाभाऊ नसतात. त्यांनी दीपमालाला बसस्टँडजवळ थांबवलं.

"बेटा, चेहरा कोणाचाही टाक. आपलं काही म्हणणं नाही. खाली शुभेच्छुक म्हणून फक्त मले टाक. लहानसा. गॉगलवाला."

"भाऊ, नोटेवर शुभेच्छुक नसतात."

"म्हणून तं रुपयाची किंमत पडून राह्यली."

चार दिवसांत तिच्याकडं आणखी तेवीस नावं जमली. सतरा जणांनी स्वतःचंच सुचवलं होतं, पाच जणांनी स्वतःच्या सासऱ्याचं, आणि एकानं स्वतःच्या बैलाचं. बैलाचं तिनं बराच वेळ मनात धरलं होतं.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत ती खिचडीच्या खोलीच्या खिडकीशी उभी राहिली. हे तिचं जुनं दुखणं. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच मिळते. नववीत गेलं की सरकारच्या मते पोराचं पोट मोठं झालं, त्यानं डबा आणावा. पण मथुराबाईची खिचडी! आणि खिचडीपेक्षा ती गंजाच्या, म्हणजे त्या भल्यामोठ्या पातेल्याच्या, बुडाशी लागलेली खरवड! लाल, कुरकुरीत, धुराचा वास असलेली. खरवड मथुराबाई रोज एकाच पोराला देत, आणि कोणाला ते कोणालाच आधी कळत नसे. दीपमालाला आठ वर्षांत ती दोनदा मिळाली होती. दोन्ही तारखा तिच्या लक्षात होत्या.

"नववीले नाही भेटत," मथुराबाई मागं न बघता म्हणाल्या.

"मावशी, मी खायला नाही आली. तुम्ही सांगा, नोटेवर कोणाचा चेहरा टाकू?"

मथुराबाईंनी पळी थांबवली. "मले काय इचारतं बाई? कोणाचाही टाक. ज्याचा फोटू धड निघते त्याचा टाक. माहा तं नाहीच निघत. आधार कार्ड पाह्यशीन माहं? जशी गहू चोरून पळून राह्यली. एकच फोटू हाये तो. उद्या मेली तं पोरगी भिंतीवर काय टांगन, आधार कार्ड?"

आणि त्या हसल्या. पण पळी जरा जास्तच जोरात फिरवली.

एवढी माणसं झाली होती, आणि ही पहिली, जिनं स्वतःला काही मागितलं नव्हतं. दीपमालाच्या डोक्यात दिवा लागला. आर्णीत दिवा लागला की तो लगेच जातो, पण हा टिकला.

"मावशी, मी तुमचाच काढीन. एकदम धड. वचन."

"येडी झाली काय पोट्टे?"

तीन दिवस मधल्या सुट्टीत ती खिडकीबाहेर वही घेऊन बसली. "मावशी, मान हलवू नका," ही म्हणायची. "मंग खिचडी बुडाले लागन," त्या म्हणायच्या, आणि मान हलवायच्या. पण चित्र आलं. खरंच आलं. कपाळावरचं गोंदण, कानातली फुलं, ओठ मिटलेले पण आता काहीतरी बोलणार असे. दीपमालानं स्वतःच्याच हाताकडं पाहिलं, की हा माझाच ना? भोवती तिनं कापसाच्या बोंडांची आणि झेंडूच्या फुलांची वेल काढली. कोपऱ्यात मोठ्ठा १०० आकडा. खाली क्रमांक. मध्ये वाक्य: ‘मी धारकास शंभर रुपये अदा करण्याचे वचन देते.’ उजव्या कोपऱ्यात नोटेवर गव्हर्नरची सही असते, तिथं झोकात स्वतःची सही: दीपमाला भगवानराव मुनेश्वर.

मग भगवानरावांना नियम क्रमांक सात आठवला. व्यक्ती हयात असल्यास हयातीचा दाखला जोडावा.

त्यांचे डोळे असे चमकले की प्रभावतीबाईंनी विचारलं, पगारवाढ झाली का. त्यांनी अर्ज केला, झेरॉक्स काढल्या, आणि तलाठी साहेबांच्या दारात तीन चकरा मारल्या. पहिल्या दिवशी साहेब मिटिंगला बाभुळगावला. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण शिक्का बाभुळगावला राहिला होता. तिसऱ्या दिवशी दोघंही भेटले.

"बाई कुठं हाये?" साहेबांनी विचारलं.

"शाळेत, खिचडी करून राह्यली."

"असं कसं चालन भगवानराव? हयात माणसानं स्वतः येऊन हयात दिसावं लागते. उद्या आणा. शुक्रवारी."

तिकडं दीपमाला आणि तिची मैत्रीण गझाला चित्र घेऊन कलीमभाईच्या दुकानात गेल्या. कलीमभाई म्हणजे गझालाचा मोठा भाऊ. बसस्टँडसमोर त्याचं फ्लेक्सचं दुकान, गावातले सगळे वाढदिवस त्याच्या कॉम्प्युटरमध्ये. त्यानं चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चित्र मस्त हाये दीपू. लेकिन अकेला चेहरा? खाली काही लोकं टाक ना. माह्याजवळ उकंडाभाऊ तयार हाये, कट करेल."

"नको."

"अगं आपल्या इथं अकेल्या चेहऱ्याचा फ्लेक्स एकाच टायमाले लागते..."

"कलीमभाई, ही नोट आहे. नोटेवर एकच माणूस असतो. तुम्ही छापा."

आत्मविश्वास आलेल्या माणसाला कमी ऐकू येतं. कोणत्या टायमाला, हे तिनं विचारलं नाही. खांदे उडवून कलीमभाईनं गुरुवारी संध्याकाळी नोट छापली, आणि शाई वाळावी म्हणून सकाळी सहा वाजता दुकानासमोरच्या खांबाला बांधली.

शुक्रवारी सकाळी त्यानंतर आर्णीतून जी पहिली एसटी गेली, त्यातल्या माणसांनी खिडकीतून काय पाहिलं? मथुराबाई. काळ्यापांढऱ्या. एकट्या. भोवती झेंडूची फुलं. खाली एक फोन नंबर आणि मुनेश्वरांच्या पोरीचं नाव. बाजूला १००.

"अरे बाप्पा," एक जण म्हणाला, "शंभर वर्षाची होती? दिसत नव्हती."

भगवानरावांचा फोन सव्वासहाला वाजला.

"भगवानराव, आत्ता पाह्यलं बसस्टँडवर. लय वाईट... लय चांगली बाई. केव्हा नेणार?"

भगवानराव दात घासत होते. त्यांना वाटलं, नोटेचं विचारतोय. "उद्या सकाळच्या एसटीनं."

"एसटीनं?"

"हो. गुंडाळली का काखेत मावते."

पलीकडं इतकी शांतता झाली की भगवानरावांना वाटलं रेंज गेली. दुसरा फोन आला, तिसरा आला. एकानं विचारलं, तेरवीला येणाऱ्याला शंभर रुपये देणार हे खरं का, तुमच्या पोरीनं तसं वचन लिहिलंय. भगवानरावांनी फोन बंद केला आणि बायकोकडं पाहिलं. बायको लसूण सोलू लागली.

मथुराबाईंच्या घरी लोक गेले, तर दाराला कुलूप. आता हा पुरावाच. खरी गोष्ट अशी की बाई भल्या पहाटे दिग्रसला लेकीकडं गेल्या होत्या, नातवाचं बारसं होतं, आणि दुपारपर्यंत तलाठ्याकडं हजर होण्यासाठी परत येणार होत्या. पण कुलूप कोणाला काही सांगत नाही.

दीपमाला उशिरा उठली आणि मागच्या गल्लीतून पळत शाळेत गेली. बसस्टँड तिच्या वाटेत नव्हतं. मैदानावर सगळी शाळा चूप बसलेली. तलाठी साहेब पाहुण्यांच्या खुर्चीत. उकंडाभाऊ पांढऱ्या कपड्यात, गॉगल काढून. हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. मुख्याध्यापक माईकवर डोळे मिटून सांगत होते, "...आपल्या मथुराबाई आज आपल्यात नाहीत."

दीपमाला होती तिथंच खाली बसली. विनोद बाजूला ठेवून सांगायचं तर, तिला एकच गोष्ट आठवली: वचन दिलं, फोटो धड काढला, आणि बाईनं पाहिलाच नाही. ती हुंदके देऊन रडली. खऱ्या रडण्यानं नाक वाहतं, तसं वाहिलं.

तेवढ्यात गझाला वाकत वाकत शेजारी आली. "येडे! रडून कायले राह्यली? कलीमभाईनं नोट खांबाले बांधली ना! लोकाइले ते श्रद्धांजली वाटली!"

दीपमालाचं रडणं अर्ध्यात थांबलं. आधी आनंद झाला. मग राग. मग, सगळ्यात जोरात, मानहानी. आठ दिवस जीव ओतून केलेल्या राष्ट्रीय चलनाला या गावानं मयताचा फ्लेक्स समजावं?

ती उठली. "सर, मथुरामावशी..."

"बाळा, दुःख आवर," सर डोळे मिटूनच म्हणाले. "त्यांच्या खिचडीतलं ते मीठ! अहाहा. पंचवीस वर्षं मी जेवलो, कधी कमी नाही, कधी जास्त नाही." याच सरांनी मागच्याच आठवड्यात मिठावरून बाईंना लेखी समज दिली होती. ती भगवानरावांनी टाईप करून दिली होती.

दीपमाला माईककडं निघाली. आणि तिची नजर मैदानाच्या टोकाला गेली. फाटकातून, हातात बारशाच्या पेढ्यांची पिशवी घेऊन, मथुराबाई आत येत होत्या.

त्यांनी सगळं एका नजरेत घेतलं. सभा, गॉगल नसलेले उकंडाभाऊ, मीठ. बसस्टँडवर उतरल्या तेव्हा खांबावरचं चित्र त्यांनी पाहिलंच होतं. दीपमालाकडं बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि शेवटच्या रांगेत पाचवीच्या पोरांमागं मांडी घालून बसल्या. पाचवीची चार पोरं दगड झाली. मथुराबाईंनी प्रत्येकाच्या तोंडात एक पेढा घातला. तोंडं बंद.

भाषणं चालू राहिली. उकंडाभाऊ म्हणाले, बाई आपल्या आईसारख्या होत्या, त्यांच्या नावानं चौक करू. तलाठी साहेब म्हणाले, आजच त्यांचा हयातीचा दाखला द्यायचा होता, नियतीचा शिक्का आधी पडला. मथुराबाई मान डोलवत ऐकत होत्या. जिवंतपणी इतकं चांगलं कोण ऐकतं?

मग इंदुताई उठल्या. माईक हातात घेतला आणि धाय मोकलून रडल्या. "मथुरे! अकरा वर्ष आपण बोललो नाही. तू म्हणे तुह्यं पापडाचं लाटणं म्या घेतलं, मी म्हणो नाही घेतलं. आज सगळ्याइसमोर सांगतो माय. घेतलं होतं! माह्याच घरी हाये! फडताळात हाये!"

"मले ठाऊकच होतं!" शेवटच्या रांगेतून मथुराबाई उभ्या राहून ओरडल्या.

पुढची पाच मिनिटं सांगण्यात अर्थ नाही. कोण कुठं पळालं हे पळणाऱ्यांनाही नीट आठवत नाही. उकंडाभाऊंनी गॉगल लावला, हे नक्की. धूळ बसल्यावर मुख्याध्यापकांनी डोळे उघडले, बाईंना पाहिलं, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले, आणि माईकवर म्हणाले, "तर... सदर शोकसभेचे रूपांतर सत्कार समारंभात करण्यात येत आहे."

तलाठी साहेबांनी तिथंच खिशातून शिक्का काढला. समोर बाई उभी, हातात पेढे, तोंडानं इंदुताईंना शिव्या. यापेक्षा हयात माणूस आणखी काय असणार? दाखला झाला.

शनिवारी नोट यवतमाळला गेली. आता खरी चूक. भगवानरावांनी फाईल लावली होती, आणि ज्या माणसानं आयुष्यात एक कागद वगळला नाही तो यावेळी कसा वगळेल? अनुक्रमांक एक, अर्ज. दोन, संमतीपत्र. तीन, हयातीचा दाखला, दिनांक शुक्रवार. चार, शाळेनं मंजूर केलेला शोकप्रस्ताव, दिनांक तोच शुक्रवार, सूचक मुख्याध्यापक, अनुमोदक तलाठी.

"बाबा, चौथा कशाला?"

"एकाच विषयाचे कागद हायेत बेटा. वेगळे कसे ठेवणार?"

बारा दिवसांनी पत्र आलं. ‘सदर व्यक्ती एकाच दिनांकास हयात व मयत दिसून येत असल्याने आपली नोट नाकारण्यात येत आहे.’ पहिलं बक्षीस टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघाला मिळालं. वाघाकडं हयातीचा दाखला कोणी मागितला नव्हता. मागून बघावा म्हणा.

दीपमालानं ते पत्र परिपाठात स्वतः वाचून दाखवलं. अख्ख्या शाळेसमोर बोललेलं अख्ख्या शाळेसमोरच फेडावं लागतं. कोणाच्याही पाठीआड ती गेली नाही. मग नाकारलेल्या नोटेची गुंडाळी घेऊन मधल्या सुट्टीत खिडकीशी गेली.

"मावशी, घ्या. भिंतीवर तुमच्याच लावा."

मथुराबाईंनी ती उलगडली, हात लांब करून पाहिली. "धड आला व फोटू," त्या हळू म्हणाल्या. "बसस्टँडवर पाह्यला तवाच म्हटलं, ही बाई कोण बाप्पा, चांगली दिसून राह्यली." "मेल्यावर हाच टांगजो म्हणून पोरीले सांगतो. तुह्या बापाचा नंबर असू दे. त्या दिवशी फोन करनाऱ्याइले तो एसटीचा टाईम सांगन."

आतून वास येत होता. मीठ जास्त पडल्याचा. पंगतीत मुख्याध्यापक बसले होते, आणि पाणी पीत पीत दुसऱ्यांदा वाढून घेत होते. सगळ्या गावासमोर स्तुती केल्यावर माणूस करतो काय?

"ओ गव्हर्नर बाई," मथुराबाईंनी हाक मारली. "थांबा जरा."

त्यांनी गंज कलता केला, पळीची धार बुडाशी लावली, आणि लालभडक, बशीएवढी खरवड अखंड सोडवून खिडकीतून पुढं केली.

दीपमालानं हात मागं घेतला. "मावशी, नववीले नाही भेटत ना."

"नियमात खिचडी लिहेल हाये," मथुराबाई म्हणाल्या. "खरवडीचं काही लिहेल नाही. तुह्या बापाले इचारून घेतलं म्या."